मनगटाला आधार, हाताला काम
संधिवाताच्या रुग्णांसाठी सोयीस्कर मनगटपट्टा : निवड, वापर आणि मर्यादा

संधिवात म्हटले की गुडघे धरून पायऱ्या चढणारी वृद्ध व्यक्ती डोळ्यांसमोर येते. परंतु या विकाराचा एक प्रकार असा आहे, की तो बहुधा हातांच्या लहान सांध्यांपासून सुरू होतो आणि ऐन कर्त्या वयातील माणसाला गाठतो. वैद्यकशास्त्रात त्यास ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. व्यवहारात तो ‘आमवात’ या नावाने ओळखला जातो. पुरुषांच्या मानाने स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण दुपटी-तिपटीने अधिक आढळते. सकाळी उठल्यावर बोटे मिटत नाहीत, दुधाची चरवी उचलताना मनगटात कळ येते, कणीक मळवत नाही, फळ्यावर चार ओळी लिहिल्या की हात आपोआप खाली येतो. ज्या घराचा संसार हातांच्या कष्टांवर चालतो, त्या घरात मनगट निकामी होणे म्हणजे मिळकतीचा एक मार्ग बंद होणे होय.

अशा वेळी औषधाच्या दुकानातून मनगटाचा पट्टा आणला जातो. चार दिवस तो बांधला जातो. मग टोचतो, घामाने भिजतो, कामात अडचण करतो म्हणून खुंटीला लटकत राहतो. याउलट काही जण तो दिवसरात्र आवळून बांधतात आणि पट्टा आहे या भरवशावर वैद्यकीय तपासणी लांबणीवर टाकतात. पहिल्या प्रकारात पैसा वाया जातो. दुसऱ्या प्रकारात हात गमावण्याचा धोका असतो. हे दोन्ही टाळावयाचे असेल, तर पट्टा कशासाठी आहे, तो कसा पारखावा आणि त्याची मर्यादा कोणती, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

ग्रामीण भागातील चित्र

हा केवळ शहरी सुखवस्तू वर्गाचा प्रश्न आहे असे मानण्याचे कारण नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ पासून पुण्याच्या संधिवात तज्ज्ञांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या सहयोगाने आखलेल्या पद्धतीनुसार घरोघर पाहणी केली. सुमारे चार हजार प्रौढ व्यक्तींच्या या पाहणीत दर शंभरांमागे सुमारे १८ जणांना सांधे, स्नायू वा हाडांच्या दुखण्याची तक्रार असल्याचे आढळले. आमवाताचे प्रमाण दर हजारी सुमारे पाच इतके होते. पाच हजार प्रौढ वस्तीच्या गावाला हे प्रमाण लावल्यास पंचवीस कुटुंबांच्या दारात हा विकार उभा आहे, असा त्याचा अर्थ होतो.

मनगट दुर्बळ का होते?

मनगट हा एकच सांधा नसून तो अनेक सांध्यांचा समूह आहे. कोपरापासून येणारी दोन हाडे आणि तळहाताची हाडे यांच्या दरम्यान आठ लहान हाडे दोन रांगांत बसविलेली असतात. त्यांना बांधून ठेवण्याचे कार्य अस्थिबंध करतात. आमवातात शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच सांध्यांच्या आतील अस्तरावर आघात करते. अस्तर सुजते, अस्थिबंध सैल पडतात आणि उपचार न झाल्यास हाडे झिजून मनगट वाकडे होऊ लागते.

मनगट डळमळीत झाले की बोटांची पकडही सुटते. याचा पडताळा कोणासही घेता येईल. मनगट तळहाताच्या बाजूस पूर्ण वाकवून मूठ घट्ट आवळण्याचा प्रयत्न करावा. ती आवळली जात नाही. तेच मनगट पाठीमागे किंचित कलते ठेवून मूठ वळावी. पकड लगेच घट्ट होते. बोटांच्या शक्तीचा पाया मनगटात आहे. चांगला मनगटपट्टा नेमके हेच करतो : मनगटाला योग्य कोनात स्थिर ठेवतो आणि बोटांना कामासाठी मोकळे सोडतो.

पट्ट्यांचे प्रकार

पहिला प्रकार कामाचा पट्टा. तो कापडी अथवा लवचीक वस्तूचा असून त्यात तळहाताच्या बाजूस धातूची किंवा प्लास्टिकची पट्टी असते. दळण उचलणे, झाडणे, लिहिणे, वाहन चालविणे अशा मनगटावर ताण आणणाऱ्या कामांच्या वेळी तो बांधावयाचा असतो.

दुसरा प्रकार विश्रांतीचा आधार. तो बोटांच्या टोकांपासून हाताच्या मध्यापर्यंत लांब असतो. सूज व ठणका अधिक असताना रात्री किंवा दुपारच्या विश्रांतीत हात त्यात ठेवतात. हा आधार बहुधा गरम पाण्यात मऊ होणाऱ्या प्लास्टिकच्या पत्र्यापासून, रुग्णाच्याच हातावर आकार देऊन तयार केला जातो. असा आधार उन्हात वा चुलीजवळ ठेवल्यास त्याचा आकार बिघडतो.

दुखणे अंगठ्याच्या मुळाशी असेल तर अंगठ्यालाही आधार देणारा पट्टा लागतो. रात्री अंगठा, तर्जनी व मधले बोट यांना मुंग्या येऊन झोप मोडत असेल, तर मनगटातील नस दबल्याचा संशय घ्यावा. अशा वेळी मनगट सरळ रेषेत ठेवणारा पट्टा रात्री वापरतात. यास्तव शेजाऱ्याला मानवलेला पट्टा आपणासही मानवेल असे गृहीत धरता येत नाही.

सोयीस्कर पट्टा कसा पारखावा?

वैद्यकीय संशोधनांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने या साधनांसंबंधीचे प्रयोग तपासले. कामाच्या पट्ट्याने वेदना निश्चितपणे कमी होतात असे ठाम विधान करण्याइतका पुरावा तीत आढळला नाही. काही पट्ट्यांनी पकड व बोटांचे कौशल्य घटते, असेही दिसून आले. तथापि विश्रांतीचा आधार न वापरण्यापेक्षा वापरणे रुग्णांनी पसंत केले. यावरून बोध एवढाच, की पट्टा विकत घेताना जाहिरातीवर विसंबू नये. आपल्या हाताला तो कसा वाटतो हीच खरी कसोटी होय. खरेदीपूर्वी पुढील बाबी पाहाव्यात :

१. मनगटाचा घेर फितीने मोजावा. सूज दिवसभरात कमी-अधिक होते, म्हणून बंद सैल-घट्ट करता येणारा पट्टा घ्यावा. डाव्या व उजव्या हाताचे पट्टे बहुधा निरनिराळे असतात.

२. पट्ट्याची पुढची कड तळहातावरील बोटांलगतच्या आडव्या रेषेच्या अलीकडे संपली पाहिजे. पट्टा बांधून मूठ पूर्ण वळता आली पाहिजे आणि अंगठ्याचे टोक करंगळीला लावता आले पाहिजे.

३. मागील बाजूस पट्टा कोपरापर्यंतच्या अंतराच्या निम्म्याहून अधिक भाग व्यापणारा असल्यास भार विभागला जातो. अगदी आखूड पट्टा ऊब देतो, पण आधार देत नाही.

४. आतील पट्टी काढता व वाकवता येणारी असावी. तिच्या कडा टोचू नयेत. मनगटाच्या करंगळीकडील उंचवट्यावर दाब येऊ नये.

५. आपल्याकडील उन्हाळ्यात जाड रबरी पट्ट्यात घाम साचतो. सच्छिद्र किंवा सुती अस्तराचा पट्टा बरा. आत पातळ सुती कापड वापरल्यास ते रोज धुता येते.

६. पट्टा रुग्णास एका हाताने बांधता व सोडता आला पाहिजे. बोटांत जोर नसल्यास बंदाच्या टोकास अंगठा अडकेल असे कापडी कडे शिवून घ्यावे. हे काम गावातील शिंपीही करू शकतो.

पट्टा बांधून दुकानातच दहा-पंधरा मिनिटे थांबावे. काढल्यानंतर त्वचेवरील लाल वण अर्ध्या तासात नाहीसा झाला नाही, बोटे बधिर झाली किंवा निळसर दिसली, तर तो पट्टा आपला नव्हे असे समजावे. प्रथम दिवसातून एक-दोन तास वापरून वेळ हळूहळू वाढवावी. मधुमेही रुग्णांनी त्वचेकडे विशेष लक्ष द्यावे.

वापराची शिस्त

कामाचा पट्टा कामापुरता बांधावा. दिवसभर बांधलेल्या हाताचे स्नायू दुबळे होतात व सांधे आखडतात. पट्टा काढल्यानंतर मनगट व बोटे सावकाश हलवावीत. ब्रिटनमध्ये आमवाताच्या ४९० रुग्णांवर करण्यात आलेल्या एका प्रयोगात, औषधोपचार चालू ठेवून हातांचे ताणण्याचे व बळ वाढविण्याचे व्यायाम करणाऱ्यांच्या हातांची कार्यक्षमता वर्षअखेर अधिक सुधारल्याचे दिसून आले. त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. व्यायाम मात्र व्यवसायोपचार किंवा भौतिकोपचार तज्ज्ञाकडून शिकून घ्यावेत.

कामाची पद्धत बदलल्यासही मनगटावरील भार हलका होतो. ओले कपडे पिळण्याऐवजी नळाला गुंडाळून दाबावेत, घागर एका हाताने न उचलता दोन्ही हातांनी अंगालगत धरावी, विळा, झाडू व लेखणी यांची मूठ कापड गुंडाळून जाड करावी. ओला पट्टा त्वचेस अपायकारक असल्याने धुण्याभांड्यांच्या वेळी तो काढून ठेवावा.

पट्टा म्हणजे उपचार नव्हे

या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच होय. पट्टा वेदना सुसह्य करू शकतो. सांध्याच्या आत चाललेली झीज तो थांबवीत नाही. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून अधिक टिकत असेल, दोन्ही हातांच्या सांध्यांना सूज असेल आणि ही स्थिती सहा आठवडे चालू असेल, तर विनाविलंब तज्ज्ञ डॉक्टरांकडे गेले पाहिजे. एकच सांधा अकस्मात लाल व गरम होऊन ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आमवाताची प्रगती रोखणारी औषधे आज उपलब्ध आहेत आणि ती जितक्या लवकर सुरू होतील तितके सांधे वाचतात. त्यांपैकी मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्यास ते प्राणघातक ठरू शकते. गर्भावस्थेत ते घेता येत नाही. ते घेणाऱ्यांनी ठरल्याप्रमाणे रक्ततपासणी करून घ्यावी. अनोळखी विक्रेत्यांच्या ‘संधिवातावरील पुड्या’ कटाक्षाने टाळाव्यात. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळून आले आहे.

साहाय्य कोठे मिळेल?

प्राथमिक आरोग्य केंद्रातून रुग्णास जिल्हा रुग्णालयाकडे किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठविता येते. मुंबईत हाजीअली येथे १९५५ पासून कार्यरत असलेल्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्थेत हाताच्या मापाची आधारसाधने तयार होतात. दिव्यांग व्यक्तींना साधने पुरविणारी केंद्र शासनाची ‘एडिप’ योजना १९८१ पासून चालू आहे. दिव्यांगत्व ४० टक्के वा अधिक असल्याचे प्रमाणपत्र व उत्पन्नाची अट यांची पूर्तता करणाऱ्यांना तिचा लाभ मिळतो.

पंचायत, शाळा आणि कचेरी

ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाचा असतो. या निधीतून पात्र व्यक्तींना आधारसाधने देताना एकाच मापाचे पट्टे घाऊक आणून वाटण्यापेक्षा, तज्ज्ञाला गावात बोलावून प्रत्येकाचे माप घेणे हितावह ठरेल. गावातील हातपंप, नळकोंडाळे आणि सार्वजनिक दरवाजांच्या कड्या अशक्त हाताने वापरता येतात काय, हेही पंचायत सदस्यांनी पाहावे.

सोळा वर्षांखालील मुलांनाही संधिवात होतो, ही गोष्ट शिक्षकांनी ध्यानात ठेवावी. अक्षर अचानक बिघडणे, सकाळच्या तासाला लेखन मंदावणे, खेळात हात टेकण्याचे टाळणे ही आळसाची लक्षणे असतीलच असे नाही. अशा मुलास शिक्षा करण्याऐवजी पालकांना तपासणीचा सल्ला द्यावा.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये शासकीय आस्थापनांनी दिव्यांग कर्मचाऱ्यांना वाजवी सोयी उपलब्ध करून देणे बंधनकारक आहे. शिक्के मारण्याचे वा जड नोंदवह्या हलविण्याचे काम बदलून देणे, टंकलेखनाच्या मेजाची उंची जुळविणे, अधूनमधून विश्रांती देणे या गोष्टींना फारसा खर्च येत नाही. त्यांनी एक अनुभवी कर्मचारी कामावर टिकून राहतो.

मनगटपट्टा ही दिसावयास क्षुल्लक वस्तू आहे. परंतु तो हाताच्या मापाचा असेल, योग्य वेळी बांधला जाईल आणि त्यामागे वेळेवर सुरू झालेला औषधोपचार असेल, तर त्याच्या आधाराने चूल, शेत, फळा आणि लेखणी यांपासून हात दुरावत नाही. गावात पट्टा बांधलेला हात दिसला, तर जाणत्यांनी त्या व्यक्तीस एक प्रश्न अवश्य विचारावा : डॉक्टरांना हात दाखविला आहे काय?