पेयांतून मिळणारें कॅल्शियम : फ्रान्स व जपान

मनुष्याच्या शरीरांतील हाडें व दांत ज्या द्रव्यामुळें कठीण होतात, त्यास कॅल्शियम असें म्हणतात. चुनखडींत, शिंपल्यांत व अंड्याच्या कवचांत असणारें द्रव्य तें हेंच. शरीरांतील कॅल्शियमचे शंभर भाग मानले, तर त्यांपैकीं नव्याण्णव भाग हाडांत व दांतांत असतात. उरलेला एक भाग रक्तांत व स्नायूंत राहून हृदयाचे ठोके नीट चालावे ह्या कामीं येतो. आहारांतून पुरवठा कमी पडला, तर रक्त आपली उणीव हाडांतून भरून काढतें, आणि हें कर्ज पुष्कळ वर्षें कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. म्हातारपणीं उंबरठ्याशीं पाय अडखळून खुब्याचें हाड मोडलें, म्हणजे मग तें उघडकीस येतें.

हें द्रव्य आपण बहुधा खाण्यांत शोधतों. पिण्यांतून तें किती येतें ह्याचा विचार क्वचितच करतों. म्हणून ह्या पाठांत आपण दोन संपन्न देश शेजारीं ठेवून पाहूं. फ्रान्समध्यें प्रौढ मनुष्याच्या पोटांत दररोज सरासरी 900 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातें; जपानांत तें सुमारें 500 च जातें. फ्रान्सचे लोक चीज फार खातात हें ह्या फरकाचें मोठें कारण खरें. पण पेयांचाहि त्यांत वांटा आहे.

प्रथम साधें पाणी घ्या. पॅरिस शहराच्या भोंवतालची भूमि खडूची व चुनखडीची आहे. पावसाचें पाणी त्या थरांतून सावकाश झिरपतें व चुना विरघळवून आपल्याबरोबर आणतें; त्यामुळें तेथील नळाच्या एका लिटर पाण्यांत 90 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम सांपडतें. जपानचे डोंगर उभ्या चढणीचे, नद्या आंखूड, व खडक पुष्कळ ठिकाणीं ज्वालामुखीचा. पाणी धांवत समुद्रास मिळतें. दगडाशीं फार वेळ बोलत बसत नाहीं. तोक्योच्या नळाच्या पाण्यांत लिटरमागें सुमारें 20 मिलिग्रॅम एवढेंच असतें. ह्यांत देशापेक्षां खडकाचा संबंध अधिक आहे, हें ध्यानांत ठेवावें. फ्रान्समध्येंच व्होल्विक गांवचें पाणी ज्वालामुखीच्या खडकांतून येतें, तर त्यांत अवघें 12 मिलिग्रॅमच्या सुमारास कॅल्शियम आहे. उलट जपानच्या ओकिनावा बेटाच्या दक्षिणेस प्रवाळाची चुनखडी आहे, म्हणून तेथील पाणी जड.

फ्रान्सच्या लोकांस बाटलींतील झऱ्याचें पाणी पिण्याची जुनी संवय आहे. एव्हियां येथील पाण्यांत लिटरमागें 80, आणि व्होज प्रांतांतील काँत्रेक्सेव्हील येथील पाण्यांत 468 मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. शिक्षकबंधूंनीं हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवावा : दिवसांत दीड लिटर पाणी प्यालें, तर तोक्योंत 30 मिलिग्रॅम मिळतील, पॅरिसांत 135, आणि काँत्रेक्सेव्हीलच्या बाटलींतून 702. पाण्यांतील हें कॅल्शियम शरीर दुधांतल्या इतकेंच चांगलें शोषून घेतें असें परीक्षेअंतीं आढळलें आहे.

मग जपानी लोक जड पाणी कां पीत नाहींत? त्यांच्या जिभेस तें मानवत नाहीं. हिरव्या चहाची चव हलक्या पाण्यांत खुलते. समुद्रांतील कोंबू नांवाच्या शेवाळाचा रस, ज्यावर त्यांचा सारा स्वयंपाक उभा आहे, तोहि हलक्या पाण्यांतच चांगला उतरतो. शंभर ग्रॅम हिरव्या चहांत केवळ 3 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतें, मग दिवसभर कितीहि पेले प्या. शिवाय पाणी उकळलें म्हणजे त्यांतील चुन्याचा कांहीं भाग भांड्याच्या तळाशीं बसतो. आपल्याकडे जड पाण्याच्या गांवीं पातेल्यास जो पांढरा थर धरतो, तो हाच. फ्रान्समध्यें सकाळीं मोठ्या वाडग्यांत दूध घातलेली कॉफी पिण्याची रीत आहे, व ती कॉफी दुधामुळेंच उपयोगी पडते.

येथें चाणाक्ष वाचक विचारतील कीं, जपानांत कॅल्शियम इतकें कमी, तर तेथील म्हाताऱ्यांचीं हाडें फार मोडत असतील? तसें घडत नाहीं. खुब्याचें हाड मोडण्याचें प्रमाण जपानांत उत्तर युरोपापेक्षां कमी आहे. जपानी स्त्रियांच्या खुब्याची ठेवण निराळी आहे, व त्या पडतातहि कमी, अशीं कारणें विद्वान देतात. पण पाठीच्या मणक्यांच्या बाबतींत त्यांस अशी सवलत मिळालेली नाहीं. सबब एका आंकड्यावरून एकदम निकाल देऊं नये.

खरा प्रश्न मुलांचा आहे, व तो दुधापाशीं येऊन थांबतो. महायुद्धानंतर जपानांत उपासमार असतां, 1946 च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील ख्रिस्ती व इतर सेवासंस्थांच्या साह्यानें तोक्योच्या शाळांतून मुलांस जेवण देण्यास आरंभ झाला. त्यांत साय काढलेल्या दुधाची भुकटी होती. तिचा वास मुलांस आवडत नसे, तरी तीं नाक धरून पीत. 1954 सालीं तेथें शाळेच्या जेवणाचा कायदा झाला. त्याच वर्षीं फ्रान्समध्यें पंतप्रधान मेंदेस-फ्रान्स ह्यांनीं शाळांतून मुलांस दूध वांटण्यास आरंभ केला. द्राक्षारसाच्या देशांत पंतप्रधान चारचौघांत दुधाचा पेला उचलतो, म्हणून लोकांनीं त्यांची थट्टा केली. परंतु 1956 सालीं शाळेच्या भोजनगृहांतून चौदा वर्षांखालील मुलांस द्राक्षारस देणें बंद झालें.

जपानी शाळेंतील दुधाची बाटली 200 मिलिलिटरांची. तींत 227 मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. तोक्योच्या नळाचें अकरा लिटर पाणी प्यालें तरी तितकें मिळत नाहीं. ज्या दिवशीं शाळेस सुटी, त्या दिवशीं मुलांच्या आहारांत हें द्रव्य स्पष्टपणें घटतें. निईगाता प्रांतांतील सान्जो हें तांदळासाठीं प्रसिद्ध असलेल्या मुलखांतील गांव. भातास दूध शोभत नाहीं, असें म्हणून तेथें 2014 च्या डिसेंबरांत शाळेच्या जेवणांतून दूध काढून पाहिलें. चार महिने तसें चाललें. पुढें 2015 च्या सप्टेंबरापासून तें पुनः सुरू झालें. मात्र भाताबरोबर न देतां, दिवसांतील निराळ्या वेळीं.