एका शब्दातले शहाणपण

पदार्थांची नावे आपण रोज उच्चारतो. परंतु त्यांच्या अर्थाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. एखादे नाव आकारावरून पडते, एखादे चवीवरून, तर एखादे कृतीवरून. आपली भाजणी पाहा. धान्ये भाजल्यावाचून तिला ते नाव मिळतच नाही. मेक्सिको देशातील अशाच एका शब्दाची हकीकत येथे सांगावयाची आहे. त्या शब्दातले ज्ञान मागे राहिले, म्हणून परक्या देशांतील हजारो माणसांना प्राण गमवावे लागले.

मक्याची मूळ भूमी मेक्सिको. सुमारे ९,००० वर्षांपूर्वी तेथील लोकांनी एका रानगवताची पिढ्यान्‌पिढ्या निवड करून हे पीक सिद्ध केले. आपल्याकडे ज्वारीच्या भाकरीला जो मान, तोच तेथे मक्याच्या पातळ भाकरीला. स्पॅनिश भाषेत तिला 'तोर्तिया' म्हणतात. परंतु तेथील जुन्या नाहुआत्ल भाषेत तिचे नाव 'त्लश्कल्ली' असे आहे. ही भाषा आजही १५ लाखांहून अधिक लोक बोलतात. आपल्या बोलण्यातला 'टोमॅटो' हा शब्दही मूळचा त्याच भाषेतील 'तोमात्ल' होय.

ही भाकरी करण्याची रीत मोठी विचारपूर्वक ठरलेली आहे. मक्याचे वाळलेले दाणे पाण्यात घालून त्यात चुना किंवा लाकडाची राख मिसळतात. ते चुलीवर शिजवून रात्रभर तसेच झाकून ठेवतात. सकाळी दाणे चोळून धुतले, की वरची टरफले सुटून येतात. मग ते ओले दाणे 'मेताते' नावाच्या दगडी पाट्यावर वाटून त्यांचा मऊ उंडा करतात आणि भाकरी थापून ती 'कोमाल' म्हणजे तव्यावर भाजतात. तोच उंडा कणसाच्या पानात गुंडाळून वाफवला, की 'तामाल' तयार होतो. हळदीच्या पानातल्या पातोळ्या ज्यांनी खाल्ल्या आहेत, त्यांना ही युक्ती परकी वाटणार नाही.

अशा रीतीने शिजवलेल्या मक्याला 'निश्तमाल' म्हणतात. नाहुआत्ल भाषेत 'नेश्त्ली' म्हणजे राख आणि 'तमल्ली' म्हणजे तामाल. राख घातल्यावाचून हे अन्न सिद्ध होत नाही, ही गोष्ट त्या नावातच सांगून ठेवलेली आहे.

१४९२ साली कोलंबस अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरला. त्यानंतर मका युरोपात गेला व तेथे भरघोस पिकू लागला. परंतु दाणा गेला, रीत मात्र गेली नाही. आपल्या गिरण्यांत कोरडा मका सहज दळला जातो, मग राख आणि चुना हवा कशाला, असे तेथील लोकांना वाटले असावे. स्पेन व इटली या देशांतील गरीब शेतकरी पुष्कळदा केवळ मक्यावर दिवस काढीत. त्यांच्यात एक नवाच रोग दिसू लागला. अंगाच्या उघड्या भागावरची कातडी काळवंडून फुटे, पोट बिघडे, बुद्धीला भ्रम होई आणि अखेरीस मृत्यू येई. स्पेनमध्ये गास्पार कासाल या वैद्याने १७३५ साली या रोगाची लक्षणे टिपून ठेवली. पुढे इटलीत त्याला 'पेलाग्रा', म्हणजे खरखरीत कातडी, असे नाव पडले.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागातही पेलाग्राने थैमान घातले. हा संसर्गजन्य रोग आहे, अशी पुष्कळ डॉक्टरांची समजूत होती. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांना ते पटेना. मिसिसिपी राज्यातील अनाथालयांत त्यांनी मुलांच्या आहारात दूध, अंडी, मांस व घेवड्यासारखी कडधान्ये वाढविली. पाहता पाहता तेथील रोग हटला. तरीही लोकांचा विश्वास बसेना. तेव्हा १९१६ साली त्यांनी रोग्यांचे रक्त स्वतःच्या अंगात टोचून घेतले. त्यांच्या पत्नीनेही तसेच केले. दोघांनाही पेलाग्रा झाला नाही. अखेर १९३७ साली कॉनराड एल्व्हेजेम या शास्त्रज्ञाच्या संशोधनातून उलगडा झाला, की नायसिन नावाच्या जीवनसत्त्वाच्या अभावी हा रोग जडतो.

मक्यात नायसिन असते. परंतु ते अशा घट्ट बंधनात असते, की आपल्या पोटाला ते सुटत नाही. चुना किंवा राख यांच्या पाण्यात दाणे शिजवले, म्हणजे ते मोकळे होते. शिवाय मेक्सिकोतील लोक मक्याबरोबर घेवडाही खात. म्हणूनच हजारो वर्षे मका खाऊनही ते या रोगापासून दूर राहिले. जीवनसत्त्व हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता. परंतु पाट्यापाशी बसलेली आई आपल्या मुलीला निश्तमाल करावयास शिकवी आणि तेवढ्याने घराचे रक्षण होई.

मुलांनो, परक्यांचे धान्य घ्यावे, तसे त्यांचे शब्दही आदराने ऐकावेत. आपल्या आजीच्या तोंडी असलेली जुनी नावेही टिपून ठेवा. त्यांतील एखाद्या नावात कोणते शहाणपण दडलेले असेल, हे विचारल्यावाचून कसे कळणार?

स्वाध्याय

१. 'निश्तमाल' या शब्दाची फोड करून त्याचा अर्थ सांगा.
२. डॉ. गोल्डबर्गर यांनी रोग्यांचे रक्त स्वतःला का टोचून घेतले?
३. कृतीवरून नाव पडलेले तीन पदार्थ घरी विचारून त्यांची कृती लिहा.