रत्नागिरी ते मंडाले : अंतर किती, वेळ किती?

रत्नागिरीचा थिबा पॅलेस तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी नोव्हेंबर १८८५ मध्ये मंडालेहून हलविले. इरावती नदीतून आगबोटीने रंगून, तेथून समुद्रमार्गे मद्रास, तेथे काही महिने मुक्काम आणि मग दक्षिणेचा वळसा घेऊन तो एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीस पोचला. १९१६ मध्ये तो येथेच वारला. परतीचा प्रवास त्याच्या नशिबी नव्हता.

हाच प्रवास विमानाने थेट केला तर? अशी विमानसेवा नाही, पण गणिताला विमानतळ लागत नाही.

नकाशासंग्रह उघडा. रत्नागिरी १७° उत्तर, ७३.३° पूर्व, मंडाले २२° उत्तर, ९६.१° पूर्व. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० कि.मी., म्हणून अक्षांशाचा एक अंश १११ कि.मी. अक्षांशांतील फरक ५°, म्हणजे ५५५ कि.मी. रेखांशांतील फरक २२.८°. येथे वर्गातील निम्मी मुले पुन्हा १११ ने गुणतात आणि चुकतात! विषुववृत्तापासून दूर जावे तशी रेखावृत्ते जवळ जवळ येत जातात आणि ध्रुवावर एकत्र मिळतात. म्हणून १११ ला अक्षांशाच्या कोज्येने गुणावे लागते. आपला मध्य अक्षांश १९.५°, त्याची कोज्या ०.९४३.

२२.८ × १११ × ०.९४३ = २,३८७ कि.मी.

आता पायथागोरस : ५५५ आणि २,३८७ या बाजू, तर कर्ण सुमारे २,४५० कि.मी. गोलावरील त्रिकोणाचे अचूक सूत्र वापरले तरी उत्तर जवळजवळ हेच येते. कोज्या विसरलात तर २,५९१ येईल. म्हणजे विमानाची दहा मिनिटे फुकट गेली. मात्र मुंबई-न्यूयॉर्कसारख्या लांबच्या अंतराला ही युक्ती लावू नका. तेथे पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहावा हे उत्तम.

ताशी ८५० कि.मी. वेगाने हे अंतर २ तास ५३ मिनिटांत कापले जाईल. चढण्या-उतरण्याचा जादा वेळ सोडून देऊ. पण वारा? हिवाळ्यात उत्तर भारतावर दहा-बारा कि.मी. उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. आपल्या मार्गावर असा वारा ताशी १०० कि.मी. आहे असे समजा. जाताना वेग ९५०, वेळ २ तास ३५ मिनिटे. येताना वेग ७५०, वेळ ३ तास १६ मिनिटे. जाताना १८ मिनिटे वाचली, येताना २३ गेली! वाऱ्याचा हिशेब जाऊन-येऊन बरोबरीत सुटत नाही, कारण उलट्या वाऱ्यात विमान अधिक वेळ असते. नदीतील होडीचे उदाहरण तुम्ही सोडविले असेल, तेच हे.

आता एक गंमत. म्यानमारचे घड्याळ आपल्यापेक्षा एक तास पुढे आहे. सकाळी १० वाजता रत्नागिरीहून निघालात, तर मंडालेत उतरताना तेथे दुपारचा १ वाजून ३५ मिनिटे झालेली असतील. दुसऱ्या दिवशी तेथून सकाळी १० ला निघालात, तर रत्नागिरीत १२ वाजून १६ मिनिटांनीच हजर! वेळापत्रक पाहणारा म्हणेल, जायला साडेतीन तास आणि यायला सव्वादोन. प्रत्यक्षात परतीलाच ४१ मिनिटे अधिक लागली आहेत.