मुखदुर्गंधी : कारणे व उपाय
(आरोग्यपाठ, इयत्ता ३ री व ४ थी)

उद्देश : तोंडास वास का येतो हे मुलांस समजावे, दात व जीभ स्वच्छ ठेवण्याची सवय लागावी, या कारणावरून कोणाचीही हेटाळणी होऊ नये.

शिक्षकांस सूचना : तोंडास वास येणारे मूल वर्गात त्याच्या वागणुकीवरूनही ओळखू येते. ते तोंडावर हात धरून बोलते, उत्तर ठाऊक असूनही उठत नाही, आणि शेजारची मुले हळूहळू दूर सरकतात. सातपाटीच्या मुलास सुक्या बोंबलावरून, पाड्यावरच्या मुलास वस्तीवरून किंवा बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत कामास आलेल्या परप्रांतीय मजुराच्या मुलास त्याच्या जेवणावरून चिडविणे सारखेच गैर होय. पाठ शिकविताना कोणाचेही नाव घेऊ नये.

विषयविवेचन

१. वास कोठून येतो? तोंडात असंख्य सूक्ष्म जंतू असतात. दातांच्या फटींतील अन्नकण व जिभेच्या मागील भागावरील थर यांवर ते जगतात आणि गंधकयुक्त वायू सोडतात. त्यांपैकी एकास कुजलेल्या अंड्यासारखा वास असतो. पोट बिघडल्यामुळेच तोंडास वास येतो, ही समजूत बहुधा चुकीची ठरते. बहुतेक वेळा उगम तोंडातच असतो. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून सकाळी सर्वांच्याच तोंडास थोडा वास येतो.

२. अन्नाचा वास : सुकट, बोंबील यांचा वास चूळ भरल्याने व दात घासल्याने बराच कमी होतो. लसणीतील द्रव्ये मात्र रक्तात मिसळून फुप्फुसांवाटे बाहेर पडतात. म्हणून दात घासूनही तो वास काही काळ राहतो. हा रोग नव्हे.

३. इतर कारणे : किडलेले दात, सुजलेल्या हिरड्या, घशातील गाठींचा विकार, तोंडाने श्वास घेण्याची सवय. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून दुर्गंधी स्राव येत असल्यास आत मणी किंवा दाणा अडकल्याचा संशय घ्यावा. श्वासास पिकलेल्या फळासारखा वास, अतिशय तहान, वारंवार लघवी व थकवा ही लक्षणे एकत्र दिसल्यास मधुमेहाचा धोका असतो. मुलास तत्काळ दवाखान्यात न्यावे.

उपाय

सकाळी व रात्री निजण्यापूर्वी दात घासावेत. रात्रीचे घासणे कधीही चुकवू नये. फ्लोराइडयुक्त पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. कडुनिंब, बाभूळ किंवा करंज यांचे ताजे दातण नीट चावून, कुंचा करून वापरल्यास तेही उपयोगी पडते. विटकरीचा चुरा, वाळू व जाडसर राखुंडी यांनी दातांचे कवच झिजते. जीभ मागपर्यंत हलक्या हाताने घासावी. चरकसंहितेतही जीभ स्वच्छ करण्यास दिनचर्येत स्थान दिलेले आहे.

बडीशेप, लवंग यांनी वास थोडा वेळ झाकला जातो, कारण जात नाही. काकडी, पेरू, गाजर चावून खाल्ल्याने लाळ सुटते; पाणी पुरेसे प्यावे. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच होय. तिने दात स्वच्छ होत नाहीत. व्यसन जडते, हिरड्या बिघडतात व कर्करोगाचा धोका वाढतो. घरातील मोठ्या माणसांचे पाहून मुले ती लावू लागतात, म्हणून पालकसभेत हा विषय अवश्य काढावा.

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांमागे पहिली कायमची दाढ येते. ती दुधाचीच समजून पालक दुर्लक्ष करितात. पण ती गेली तर पुन्हा येत नाही, हे त्यांस सांगावे.

वर्गातील कृती

(१) दोन पेल्यांत थोडे दूध घेऊन ओतून टाकावे. एक पेला स्वच्छ धुवावा, दुसरा तसाच झाकून ठेवावा. दुसऱ्या दिवशी मुलांनी दोन्ही हुंगावे. पेला हुंगावा, कोणाचे तोंड हुंगण्यास सांगू नये.

(२) शालेय पोषण आहारापूर्वी जसे हात धुतले जातात, तसेच जेवणानंतर सर्वांनी, शिक्षकांसह, खळखळून चूळ भरावी. सर्वांनी केल्यास कोणा एकास लाज वाटत नाही.

(३) नियमित स्वच्छतेनंतरही वास राहिल्यास पालकांस एकांतात सांगून मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचे तपासणी पथक शाळेत आल्यास त्यासही दाखवावे.

प्रश्न

१. सकाळी तोंडास वास का येतो?
२. लवंग चघळल्याने दुर्गंधीचे कारण नाहीसे होते काय?
३. मशेरी दातांस का लावू नये?
४. सोबत्याच्या तोंडास वास येत असेल तर त्याच्याशी कसे वागाल?