फिकट रंगांची पारख

डिंगोरे,
वैशाख वद्य पंचमी

चि. बाळ यास,


घराच्या रंगासाठी तू कल्याणहून मोबाइलवर धाडलेल्या पाच छटा पाहिल्या. तुझ्या काकूने ‘पाचही एकच आहेत’ असा निकाल देऊन चष्मा काढून ठेवला. मी मात्र चित्रकलेच्या मास्तरकीत हयात घालवल्यामुळे तितक्या लवकर मोकळा होऊ शकलो नाही. दुकानदार त्यांना मोतिया, हस्तिदंती, बदामी, चंदनी आणि साय अशी नावे देतो, आणि यांतला कोणता हे मी एका शब्दात कळवावे अशी तुझी अपेक्षा आहे. ते मला कळवता येणार नाही, आणि त्याचे कारण माझा आळस नव्हे.

गडद रंग आपली ओळख आपण सांगतो; फिकट रंगाला शेजारी बसवल्याखेरीज तो तोंड उघडत नाही. आपल्या पेटीतली जुन्या जमाखर्चाची चोपडी तुला आठवत असेल. तिचा कागद जुन्नरी, म्हणजे जुन्नरच्या कागदी कारागिरांच्या हातचा, असे वडील सांगत, आणि आम्ही सारे त्याला पांढराच म्हणत आलो. काल मुद्दाम तिचे एक पान तुझ्या चुलतबहिणीच्या वहीच्या कोऱ्या पानावर ठेवले, तो ते क्षणार्धात ताकातल्या हळदीसारखे पिवळसर झाले, आणि वहीचे पान, जे तोवर नुसते पांढरे होते, निळसर दिसू लागले. पॅरिसच्या गोबलाँ येथील विणकामाच्या कारखान्यात रंगाईवर देखरेख करणाऱ्या शेव्रल नावाच्या रसायनशास्त्रज्ञापुढे काळा रंग पुरेसा गहिरा उतरत नाही अशी तक्रार आली असता, कसूर रंगाची नसून शेजारच्या धाग्यांमुळे नजरेला पडणाऱ्या भुलीची आहे अशी त्याची खातरजमा झाली, आणि 1839 साली त्याने त्यावर एक भलामोठा ग्रंथच प्रसिद्ध केला. तेव्हा तुझ्या पाच छटा आधी कोऱ्या पांढऱ्या कागदावर एका ओळीत मांड; कोणती पिवळ्याकडे झुकते, कोणती गुलाबीकडे, कोणती राखीकडे, हे तेथे आपोआप उघड होईल. शंका उरलीच तर रंगाच्या पट्टीवर त्याच कुळातली तळाची गडद छटा पाहा. वरची कितीही सोवळी दिसली तरी तिचे गोत्र तळाशी नोंदलेले असते. मोबाइलच्या पडद्यावर मात्र विसंबू नकोस. तो स्वतःच प्रकाश टाकतो, आणि भिंत केवळ पडलेला प्रकाश परत करते.

आता भिंतींविषयी. माजघराला पडवीतून येणारा उसना उजेड, उत्तरेच्या खोलीला दिवसभर निळसर आणि थंड, आणि पश्चिमेच्या खोलीला उन्हाळ्यात तिन्हीसांजेपूर्वी इतका पिवळा की चुन्याची भिंतसुद्धा लोण्यासारखी दिसते. त्यातच आषाढात माळशेजकडून धुके उतरले आणि खिडकीबाहेर भाताची खाचरे हिरवी झाली की त्या हिरव्याचा अंश छतापर्यंत पोचतो. राखी झाक असलेली तुझी साय उत्तरेच्या खोलीत आजाऱ्यासारखी दिसेल, हे मी आजच सांगतो. तीच पश्चिमेला कदाचित शोभेल. शिवाय समोरासमोरच्या भिंती आपापला रंग एकमेकींवर टाकतात, म्हणून तळहाताएवढ्या तुकड्यावर जी छटा जेमतेम जाणवते ती चार भिंतींवर चढल्यावर बरीच ठळक होते. आवडेल त्याहून एक पायरी फिकी घ्यावी, हा माझा अनुभव.

अनुभव म्हटला तर तो फजितीचा आहे. तुझ्या आत्याच्या लग्नाच्या वर्षी माजघराला रंग देण्याची कामगिरी मी हौसेने अंगावर घेतली. कळीचा चुना भिजवून गाळला, त्यात पिवडी मिसळली, आणि ओली भिंत पाहून छटा अचूक साधली असे समजून मी समाधानाने जेवायला बसलो. ओला चुना काहीसा पारदर्शक असतो, वाळता वाळता तो पांढरा होत जातो, हे पुस्तकात वाचलेले त्या वेळी आठवले नाही. दुसऱ्या दिवशी भिंत जवळजवळ कोरी; मग चिडून उरलेल्या चुन्यात अदमासाने आणखी दोन मुठी पिवडी टाकली आणि दुसरी भिंत रंगवली. आई दारात उभी राहून एवढेच म्हणाली, “ही सोमवारची भिंत, आणि ही मंगळवारची.” लग्नाच्या साऱ्या छायाचित्रांत, ती कृष्णधवल असूनही, ती तफावत दिसते.

म्हणून माझी तजवीज अशी. पाचांपैकी दोन तू बाद कर, उरलेल्या तिन्हींचे लहान डबे घे, दीड हात लांबीच्या जाड पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात देऊन ते पुरते वाळव आणि शनिवारच्या एसटीने घेऊन ये. पुठ्ठे टेबलावर पसरून पाहू नयेत. भिंतीला उभे टेकवावेत, कारण आडव्या आणि उभ्या पृष्ठावर उजेड सारखा पडत नाही. जुन्या पिवळट भिंतीची भूल नको म्हणून मागे चादर लावू. सकाळी, दुपारी, आणि दिवे लागल्यावर असे तीनदा पाहू. दिव्यांचाही बंदोबस्त आधीच ठरव, कारण 2700 केल्विनचा पिवळसर दिवा आणि 6500 चा पांढराफटक दिवा यांच्याखाली एकच भिंत दोन घरांतली वाटते, आणि उन्हात जुळे भासणारे दोन रंग दिव्याखाली वेगळे निघाल्याचे मी पाहिले आहे. सागवानी तुळया आणि शहाबादी फरशी काही आपण बदलणार नाही. पुठ्ठा त्यांच्याशी भांडतो की नाही, तेवढे पाहायचे.

पश्चिमेच्या भिंतीला खाली लोणा फुटला आहे. तो खरवडून, ओल कोठून येते हे शोधून, भिंत कोरडी झाल्याशिवाय तेथे कुंचा लावू द्यायचा नाही, असे मी रंगाऱ्याला बजावले आहे. मृग लागण्याआधी तेवढी एक भिंत झाली नाही, तर ती दिवाळीपर्यंत तशीच राहू दे. काकूने कल्याणहून येताना चांगली चाळण आणायला सांगितले आहे.

कळावे, आशीर्वाद.

तुझा
काका