गंगेच्या प्रवाहात : नौकाविहार व राफ्टिंग करणाऱ्या यात्रेकरूंसाठी

उत्तराखंडच्या यात्रेस निघालेला मराठी भाविक ऋषिकेशला पोहोचला म्हणजे गंगास्नान, दीपदान आणि सायंआरती हा त्याचा ठरलेला क्रम असतो. अलीकडे त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. ज्येष्ठ मंडळी घाटावर जपास बसतात आणि बरोबरची तरुण मुले हवा भरलेल्या रबरी नौकेतून, म्हणजेच राफ्टमधून, गंगेच्या उसळत्या पाण्यात उतरतात. पुष्कळदा मुलांच्या आग्रहास्तव आई-वडीलही त्यात बसतात. यात गैर असे काही नाही. मात्र गंगेला माता मानणाऱ्याने तिच्या प्रवाहाचे नियमही जाणून घेतले पाहिजेत. श्रद्धा आणि दक्षता यांत विरोध नाही.

प्रवाहाचे स्वरूप

देवप्रयाग येथे अलकनंदा व भागीरथी यांचा संगम होतो आणि तेथून पुढे नदीस गंगा हे नाव प्राप्त होते. डोंगरांमधून ऋषिकेशकडे येताना जेथे पात्र एकाएकी उतरते किंवा खडकांमुळे अरुंद होते, तेथे पाणी उसळते. अशा जागेस ‘रॅपिड’ म्हणतात. त्यांच्या १ ते ६ अशा श्रेणी मानल्या आहेत. पहिली जवळजवळ शांत, तर सहावी जिवावर बेतणारी.

कौडियाला ते ऋषिकेश हा टप्पा सुमारे ३६ किलोमीटरचा असून त्यातील ‘द वॉल’ हा रॅपिड अनुभवी माणसाचीही परीक्षा पाहतो. शिवपुरीहून निघणारा टप्पा सुमारे १६ किलोमीटरचा आहे. त्यात ‘रोलर कोस्टर’ व ‘गोल्फ कोर्स’ हे जोरकस रॅपिड लागतात. ब्रह्मपुरीहून येणारा सुमारे ९ किलोमीटरचा टप्पा त्या मानाने सौम्य आहे. प्रथमच बसणाऱ्यांनी व कुटुंबीयांसमवेत असणाऱ्यांनी तोच निवडावा हे उचित.

पावसाळ्यात, विशेषतः जुलै व ऑगस्ट महिन्यांत, नदीस पूर असल्याने राफ्टिंग बंद ठेवले जाते. त्या काळात कोणी चोरून नेण्याची तयारी दाखवली तरी स्पष्ट नकार द्यावा. इतर ऋतूंतही पाण्याची पातळी एकसारखी राहत नाही. वरच्या भागात टिहरीसारखी धरणे असून विजेच्या गरजेप्रमाणे पाणी सोडले जाते. सकाळी कोरडा दिसणारा वाळूचा पट्टा काही वेळाने पाण्याखाली जाऊ शकतो. म्हणून पात्राच्या मध्यभागी असलेल्या खडकांवर वा वाळूवर ध्यानास किंवा छायाचित्रासाठी जाऊन बसू नये.

राफ्टमध्ये बसण्यापूर्वी

लाइफ जॅकेट व हेल्मेट यांवाचून राफ्टमध्ये पाऊल ठेवू नये. जॅकेट अंगाला घट्ट बसले आहे की नाही, हे ओळखण्याची सोपी रीत अशी की, दुसऱ्याने ते खांद्याजवळ धरून वर उचलून पाहावे. ते हनुवटीपर्यंत सरकले तर पट्टे सैल आहेत असे समजावे. साडी, धोतर, ओढणी असे सैल वस्त्र पाण्यात पायांत गुंतते, म्हणून अंगासरशी बसणारे कपडे घालावेत. दागिने मुक्कामीच ठेवावेत.

राज्याच्या नियमांनुसार १४ वर्षांखालील मुलांना राफ्टिंगची अनुमती नाही. वय वाढवून सांगण्याचा मोह पालकांनी टाळावा. हृदयविकार, अपस्मार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया वा गर्भारपण असल्यास किनाऱ्यावरच थांबावे. हिमालयातील बर्फ वितळून आलेले हे पाणी उन्हाळ्यातही अत्यंत थंड असते आणि त्यात एकाएकी पडल्यास श्वास कोंडतो. पैसे भरले, आता मागे कसे फिरावे, या संकोचाने आजार लपवणे हे स्वतःवर व सोबत्यांवर संकट ओढवून घेणे होय.

पाण्यात पडल्यास

घाबरून उभे राहण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. वेगवान पाण्यात उभे राहिल्यास पाय खडकांच्या फटीत अडकतो आणि प्रवाह माणसाला पुढे लोटून पाण्याखाली दाबतो. याऐवजी पाठीवर उताणे व्हावे, पाय प्रवाहाच्या दिशेस ठेवून पावले पाण्यावर आणावीत आणि तोंडावरून लाट ओसरताच श्वास घ्यावा. बचावाची दोरी आल्यास ती दोन्ही हातांनी छातीशी धरावी. हाताला किंवा मनगटाला कधीही गुंडाळू नये.

घाटावरील नौका

शांत पाण्यातील नाव निर्धोक वाटते, तेथेच माणूस बेसावध होतो. दीप सोडण्यासाठी, ओंजळ भरण्यासाठी वा छायाचित्रासाठी सर्वजण एका बाजूस झुकले की नाव कलंडते.

महाराष्ट्रालाही याचा कटू अनुभव आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे क्षमतेहून अधिक माणसे घेतलेली बचावाची नाव उलटली आणि सुटकेसाठी निघालेले ग्रामस्थ प्राणास मुकले. २१ मे २०२४ रोजी उजनी धरणाच्या जलाशयात कुगाव ते कळाशी या मार्गावर वादळी वाऱ्यात नाव बुडून सहा जणांचा अंत झाला. पहिल्या ठिकाणी भार अधिक होता, दुसऱ्या ठिकाणी वारा सुटला होता. नाव किती माणसांची आहे आणि आकाश कसे आहे, हे दोन प्रश्न काठावर असतानाच विचारावयाचे असतात.

यात्रेकरूंना नम्र सूचना

१. परवानाधारक व्यावसायिकाकडेच जावे; केवळ स्वस्त दर पाहू नये.
२. मार्गदर्शकाच्या आज्ञा निघण्यापूर्वी समजून घ्याव्यात. भाषा न कळल्यास पुन्हा विचाराव्यात.
३. वल्ह्याच्या वरच्या मुठीवरील हात सोडू नये. ती सुटल्यास शेजाऱ्याच्या तोंडास इजा होते.
४. मद्यपान करून, तसेच कडक उपवासाने क्षीण झाल्यावर बसू नये.
५. नाव भरलेली असल्यास पुढील नावेची वाट पाहावी.
६. अंधार पडल्यावर किंवा वारा सुटल्यावर नौकाविहार करू नये.

यात्रेचे पुण्य घरी सुखरूप परतून प्रसाद वाटण्यातही आहे. नावेत बसण्यापूर्वी गंगामाईस हात जोडावेत आणि लगेच जॅकेटचे पट्टे आवळावेत. सर्व यात्रेकरूंचा प्रवास निर्विघ्न होवो, हीच प्रार्थना.