ओलं घालू नये, दुसऱ्याचं घेऊ नये

बाला, नारळी पुनव झाली की तू करंजा बंदरातून बोटीवर जाशील. जाळं कसं ओढायचं ते तांडेल शिकवील. कातडी कशी सांभाळायची ते मी सांगते.

गजकर्ण म्हण, नायटा म्हण, मूळ एकच : बुरशी. पावसाळ्यातल्या बऱ्याचशा चिखल्यांतही तीच असते. तिला ओल लागते, ऊब लागते आणि आपल्या कातडीचा वरचा मेलेला थर खायला लागतो. खाडीकाठच्या आपल्या उरणात यातलं काहीच कमी नाही. खाजवलं की कोंडा झडतो, त्या कोंड्यातून ती टॉवेलवर, चादरीवर, चटईवर उतरते आणि तिथे आठवडेच्या आठवडे जिवंत राहते. म्हणून रोग्याच्या अंगाला हात न लावताही ती लागते.

पंचा आपला आपण वापर. बोटीवर एका दोरीवर सगळ्यांचे पंचे वाळतात. तुझ्या दोन्ही पंच्यांच्या कोपऱ्याला मी लाल दोऱ्याचा टाका घातलाय. तो बघितल्याशिवाय तोंड पुसू नकोस. कंगवा आणि पांघरूणही उसनं घेऊ नकोस.

करदोटा बघ. दिवसभर घाम आणि खारं पाणी पिऊन तो ओलाच राहतो. कमरेला खाज सुटली की आधी तो काढ. देव रागावत नाही.

पाय कोरडे ठेव. गमबूट काढलास की बोटांच्या बेचक्या एकेक करून पूस, बूट पालथे ठेव. पायाला चिखल्या असतील तर आधी मोजे घाल, मग चड्डी. नाहीतर चड्डी पायातून वर चढताना पायाची बुरशी जांघेत नेते.

कपडे उलटे वाळव. खाज असलेल्याचे कपडे वेगळे, हाताला सोसणार नाही इतक्या कढत पाण्यात भिजव. बुरशी शिवणीत बसते, म्हणून आतली बाजू उन्हाला दे. ऊन नसेल तर शिवणीवरून गरम इस्त्री फिरव. दमट चड्डी अंगावर वाळवायची नाही.

मनाने ट्यूब लावू नकोस. तुझ्या काकाने लाजेपोटी दुकानातून मलम आणलं. चार दिवसांत खाज थांबली, महिन्याभरात एका चकंदळाची सात झाली. त्या मलमात स्टेरॉइड होतं. ते खाज दाबतं, बुरशी मात्र आत फोफावते. आता तर नेहमीच्या टर्बिनाफीन गोळीलाही दाद न देणारी बुरशी आपल्या देशात पसरली आहे. २०२० साली जपानी संशोधकांनी तिला नाव दिलं, तेही भारतावरून : ट्रायकोफायटन इंडोटिनी. म्हणून औषध डॉक्टरांनीच द्यावं, आणि डाग गेला तरी त्यांनी सांगितलेले दिवस पुरे करावेत. टाकळ्याचा पाला आम्हीही चोळला, पण तो भाजीतच बरा.

घरात लपवू नकोस. एकाने औषध घेतलं आणि दुसरा खाजवत राहिला, तर रोग घरातल्या घरात फिरतो. खाज असेल त्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध घ्यायचं.

बाला, खाज सुटणं ही लाजेची गोष्ट नाही. ओलं घालू नकोस, दुसऱ्याचं घेऊ नकोस, आणि पहिलं चकंदळ दिसलं की बोट धक्क्याला लागल्या दिवशी सरकारी दवाखान्यात जा.